दोरी कुणाच्या हाती?



येत्या १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण साजरा करणार आहोत. त्याच दिवशी महाराष्ट्र दिन असतो आणि जगभर कामगार दिनही असतो. पोप पायस बारावे ह्यांनी १९५५ साली हा सण मुद्दाम ह्याच तारखेला ठेवला. कामगारांचा दिवस हा ख्रिस्तसभेचाही दिवस असावा, अशी त्यामागची भावना होती. दरवर्षी ह्या निमित्ताने आपण शेतमजूर, कोळी, गवंडी, घरकाम करणाऱ्या भगिनी ह्यांची आठवण करतो. ती ह्याही वर्षी करणारच आहोत. पण आज मी थोड्या वेगळ्या कामगारांविषयी लिहिणार आहे.

अलीकडे घरभेटीला गेलो की चहा येण्याआधी प्रश्न येतो, "फादर, ह्या एआयमुळे आमच्या पोरांच्या नोकऱ्या जातील काय?" प्रश्न खरा आहे आणि त्यामागची काळजीही खरी आहे. पण त्या प्रश्नाच्या पाठीमागे आणखी एक प्रश्न उभा आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. ज्याची नोकरी जाणार नाही, जो उद्यापासून ह्या यंत्राच्या शेजारी बसून काम करणार आहे, त्याच्या कामाचे काय होणार? ते काम माणसाचे काम राहील काय? बँकेत, हॉस्पिटलात, विमा कंपनीत, कॉल सेंटरात आपल्या धर्मग्रामातले कितीतरी जण आजच अशा यंत्राच्या शेजारी बसलेले आहेत. आजचे चिंतन त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना कामाला ठेवणाऱ्यांसाठी तर अधिकच.

सुरुवात उत्पत्तीच्या पुस्तकापासून करू. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. हे पाप घडण्यापूर्वीचे आहे, हे ध्यानात घ्या. पुष्कळांचा समज असतो की काम ही आदामाला झालेली शिक्षा. तसे नाही. काम आधी आले, घाम आणि काटेकुसळे मागाहून आली. म्हणून एखादे यंत्र आपला घाम कमी करत असेल तर ख्रिस्ती माणसाने त्याला भिण्याचे कारण नाही. आपल्याकडे वाडीतला रहाट जाऊन पंप आला तेव्हा कुणी पाप केले नाही. केळीला पाणी मिळायचे तेवढेच मिळाले आणि बैलाची मान सुटली. पण पाणी केव्हा सोडायचे, कोणत्या वाफ्याला आधी द्यायचे, आज पाऊस येईलसा वाटतो म्हणून थांबायचे का, हे आजोबाच ठरवत होते. पंपाने घाम घेतला, शेती घेतली नाही. यंत्र जेव्हा घाम माणसाकडेच ठेवते आणि ठरवण्याचा भाग स्वतःकडे घेते, तेव्हा काळजीला सुरुवात होते.

ख्रिस्तसभेने हा विषय आज हाती घेतलेला नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले, तेव्हा कारखान्यांचे युग होते. नव्वद वर्षांनी, १९८१ साली, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' हे परिपत्रक लिहिले. हे पोप तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि पुढे रसायनांच्या कारखान्यात राबलेले होते, त्यामुळे कामाविषयी त्यांनी पुस्तकातले लिहिले नाही. कामाला दोन बाजू असतात, असे ते सांगतात. एका बाजूला काय बनले, किती बनले, कोणत्या साधनाने बनले. दुसऱ्या बाजूला ते काम करणारा माणूस. आपल्या मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर वाक्यात कर्ता असतो आणि कर्म असते. माणूस हा कामाचा कर्ता आहे. ज्या दिवशी यंत्र कर्ता होते आणि माणूस कर्माच्या जागी जाऊन बसतो, त्या दिवशी पगार वाढला तरी वाक्य चुकलेलेच असते.

पोप लिओ चौदावे ह्यांची ८ मे २०२५ रोजी निवड झाली आणि दोनच दिवसांनी त्यांनी कार्डिनलांना आपल्या नावाचे कारण सांगितले. लिओ तेराव्यांनी पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या वेळी कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तशीच उलथापालथ होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी २८ जानेवारीला, पोप फ्रान्सिस हयात असताना, व्हॅटिकनने 'अँटिक्वा एट नोवा' ही टिपणी प्रसिद्ध केली होती. तिच्यात एक इशारा आहे. हे तंत्रज्ञान कामगाराच्या मदतीला येण्याऐवजी त्याचे कौशल्य काढून घेऊ शकते, त्याच्यावर सतत पाळत ठेवू शकते आणि त्याला ठरावीक, तेच ते काम करायला लावू शकते.

इशारा ठीक आहे, पण मग करायचे काय? कामाची जागा कशी मांडायची?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स' ह्या ग्रंथातला एक विचार माझ्या डोक्यात अडकून राहिला तो आजतागायत. गुलामगिरीची चर्चा करताना तो म्हणतो की मागावरचा धोटा जर आपला आपण विणू लागला असता, तर मालकाला गुलामांची गरजच पडली नसती. त्याच्या काळी ही अशक्यातली कल्पना होती. पुढे धोटा खरोखरच आपला आपण धावू लागला. भिवंडीवरून गेलेल्यांना यंत्रमागांचा तो खडखडाट माहीत आहे. पण गुलामगिरी तेवढ्याने संपली नाही. उलट कित्येक ठिकाणी माणूस धोट्याचा गुलाम झाला. ॲरिस्टॉटलने यंत्राचा विचार बरोबर केला, पण कामाची जागा मांडणाऱ्या माणसाचा विचार करायचे तो विसरला, असे मला वाटते.

तो विचार एका सुताराच्या मुलाने केला. ह्या सुताराच्या मुलाचे नाव साकिची टोयोडा. जपानमधल्या एका खेड्यात १८६७ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या हाताखाली ते सुतारकाम शिकले. लाकडी हातमागाचे त्यांचे पहिले पेटंट १८९१ सालचे, म्हणजे 'रेरुम नोवारुम' निघाले त्याच वर्षाचे. १९२४ साली त्यांनी जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्याची मोठी करामत वेगात नव्हती, थांबण्यात होती. ताण्याचा एक धागा तुटला की माग आपोआप थांबे. त्यापूर्वी धागा तुटला तरी माग विणतच राही आणि वारच्या वार कापड वाया जाई. ते होऊ नये म्हणून प्रत्येक मागाजवळ कुणीतरी डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागे. आता मागच थांबून माणसाला बोलावू लागला. एक विणकर अनेक माग सांभाळू लागला, आणि यंत्राकडे टक लावून बसण्याच्या शिक्षेतून सुटला. धागा जोडायला, तो का तुटला हे शोधायला मात्र माणूसच लागे.

जपानी लिपीत 'आपोआप चालणे' ह्या शब्दात 'हलणे' ह्या अर्थाचे एक अक्षर असते. टोयोडांच्या परंपरेत त्या अक्षराला 'माणूस' ह्या अर्थाची छोटीशी खूण जोडून लिहितात. मग त्याच अक्षराचा अर्थ होतो 'काम करणे'. हलते ते यंत्र, काम करतो तो माणूस. दोन रेघांच्या खुणेत केवढे तत्त्वज्ञान!

हीच रीत पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात आली. तिथे कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असे. पुढे काही ठिकाणी दोरीच्या जागी बटण आले. काही चुकतेय असे वाटले की अगदी साध्या कामगारानेही दोरी ओढायची. दिवा लागतो आणि गटाचा प्रमुख त्याच्याकडे धावत येतो. ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर संपूर्ण ओळ थांबते. प्रमुख येतो तो "का थांबवलेस?" म्हणून रागवायला येत नाही, "काय दिसले तुला?" असे विचारायला येतो. निदान रीत तशी आहे. कारण दोरी ओढल्यावर पगार कापला जाणार असेल तर ती दोरी शोभेची. वर्षभर तिच्यावर धूळ बसेल आणि साहेब पाहुण्यांना ती दाखवत फिरतील.

मला आज जे सांगायचे आहे ते ह्या दोरीविषयीच आहे. एआय यंत्राच्या शेजारी बसलेल्या प्रत्येक माणसाच्या हाताशी अशी दोरी आहे काय? यंत्र सांगते ते थांबवायचा, "नाही, इथे काहीतरी चुकतेय" म्हणायचा अधिकार त्याला आहे काय? आणि तो वापरायला लागणारा वेळ, ज्ञान आणि निर्भयता त्याला दिली आहे काय?

ती दोरी नसली तर काय होते, हे इंग्लंडमधल्या पोस्टाने दाखवून दिले. तिथे १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली आली. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसे चालवणाऱ्यांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, साधे हिशेबाचे सॉफ्टवेअर होते, आणि त्यात दोष होते. पण कराराप्रमाणे तूट भरायची ती पोस्टमास्तरांनी. मदतीसाठी फोन केला तर कित्येकांना उत्तर मिळे की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काहीजण तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. २०१९ साली न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इतकी वर्षे संगणक साक्षीदार होता आणि त्याची उलटतपासणी कुणी घेत नव्हते.

दानिएलाच्या पुस्तकातली सुसान्नाची कथा आठवते? दोन वडीलधारे, मानाचे लोक तिच्यावर खोटा आळ घेतात. जमाव त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो, कारण अशी माणसे खोटे कशाला बोलतील? तिला मरणाची शिक्षा सुनावली जाते. तेवढ्यात दानिएल नावाचा एक मुलगा ओरडून सगळ्यांना थांबवतो. एका पोराने दोरी ओढली, आणि महत्त्वाचे म्हणजे लोक थांबले! मग तो एक शहाणपणाची गोष्ट करतो. दोन्ही साक्षीदारांना एकमेकांपासून दूर उभे करतो, म्हणजे एकाचे दुसऱ्याला ऐकू जाऊ नये. आणि प्रत्येकाला वेगवेगळे विचारतो, कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघे दोन झाडांची नावे सांगतात.

साक्षीदारांना वेगळे ठेवण्याची ही युक्ती आजच्या हॉस्पिटलात फार कामाची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच भगिनींनी स्तनांचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, करून घेतली असेल. त्या चित्रांवरून कर्करोगाची शंका ओळखायला आता एआय वापरतात. २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २७ क्ष-किरण तज्ज्ञांना अशी चित्रे दाखवली आणि सोबत 'यंत्राचे मत' म्हणून एक शेराही दाखवला. काही शेरे मुद्दाम चुकीचे होते. यंत्र बरोबर असताना नवखे डॉक्टर शंभरातली सुमारे ८० चित्रे बरोबर ओळखत. यंत्र चुकले की तेच डॉक्टर २० वर आले. ते नवखे म्हणून झाले असे म्हणाल, तर फार अनुभवी डॉक्टरही ८२ वरून ४५ वर आले. ही माणसे आळशी नव्हती, अडाणी तर नव्हतीच. पहिल्या साक्षीदाराचे ऐकून दुसऱ्याने साक्ष दिली की काय होते, ते हे. म्हणूनच काही जाणकार सुचवतात की डॉक्टरने आधी आपले मत नोंदवावे आणि मगच यंत्राचे पाहावे. दोघांची मते जुळली नाहीत तर तिसऱ्याला बोलवावे. ह्याला पैसे फारसे लागत नाहीत. फक्त पडद्यावर आधी काय दिसावे आणि नंतर काय, एवढेच ठरवायचे असते. पण ते कुणीतरी ठरवावे लागते.

अशा ठरवण्याने किती फरक पडतो? ह्याचे उत्तर स्वीडनमधून आले. तिथे ८०,००० हून अधिक स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांचे दोन गट केले गेले. एका गटाची चित्रे नेहमीप्रमाणे दोन-दोन डॉक्टरांनी पाहिली. दुसऱ्या गटात यंत्राने आधी धोक्याचा अंदाज बांधला. कमी धोक्याचे चित्र एका डॉक्टरने पाहायचे, जास्त धोक्याचे दोघांनी. एकही चित्र माणसाच्या नजरेशिवाय सुटले नाही. २०२३ साली पहिले निष्कर्ष आले. चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले होते. पहिल्या गटात २०३ कर्करोग सापडले होते आणि दुसऱ्या गटात २४४. वाचलेली नजर, वाचलेला वेळ जिथे शंका होती तिथे लावता आला.

पण हाच कार्यक्रम एखादा लोभी व्यवस्थापक विकत घेईल आणि म्हणेल, काम ४४ टक्क्यांनी घटते ना, मग निम्मे डॉक्टर कमी करा आणि उरलेल्यांनी दुप्पट चित्रे पाहावीत. त्या उरलेल्या डॉक्टरच्या हाती सही करण्याचे पेन राहील, दोरी राहणार नाही. एका चित्राला दहा सेकंद मिळत असतील तर तो यंत्राला नाही कसा म्हणेल? आणि चूक झाली की नाव त्याचेच. निर्णय यंत्राचा आणि सही माणसाची, ही मांडणी मला उघड अन्याय वाटते. ज्याला थांबवता येत नाही त्याला जबाबदार धरणे हे नीतिशास्त्राच्या कोणत्याच नियमात बसत नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्यापासून आजवर सगळे हेच सांगत आले आहेत की स्वातंत्र्य असेल तेवढीच जबाबदारी.

कौशल्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण ते गेलेले दिसत नाही. पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना एआय वापरायला सुरुवात झाली. काही काळाने संशोधकांनी पाहिले की यंत्र बंद असताना तेच डॉक्टर कसे काम करतात. पूर्वी यंत्राशिवाय शंभरपैकी सुमारे २८ रुग्णांत त्यांना कर्करोगाआधीच्या गाठी सापडत. यंत्राची सवय लागल्यानंतर, यंत्राशिवाय, २२ रुग्णांत सापडू लागल्या. २०२५ साली आलेला हा एकच अभ्यास आहे आणि त्यावर सगळा सिद्धांत उभारू नये. पण लिझन बेनब्रिज ह्या विदुषीने १९८३ सालीच हे लिहून ठेवले होते. यंत्र जितके हुशार, तितका माणूस सोप्या कामाला मुकतो आणि अवघड प्रसंगी मात्र त्यालाच हाक मारली जाते. पण सोपे काम करत करतच तर हात तयार झालेला असतो! आपल्या नाखवांना हे कळते. जाळे कधीच न टाकलेल्या पोराला तुफानात सुकाणू देऊन काय उपयोग? म्हणून कामाची जागा मांडताना, अधूनमधून यंत्र बाजूला ठेवून हाताने करायचे दिवस राखून ठेवावे लागतील. मालकाला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटेल. तो वाया जात नाही.

आता कॉल सेंटरकडे येऊ, कारण आपल्या धर्मग्रामातली तरुण मंडळी तिथे बरीच आहेत.

अमेरिकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या सुमारे ५,००० लोकांचा अभ्यास केला. त्यांतले बहुतेक फिलिपाइन्समध्ये बसून काम करणारे होते. समोरच्या ग्राहकाशी लेखी संवाद चालू असताना एआय त्यांना उत्तर सुचवत असे. ते घ्यायचे की बाजूला सारायचे, हे कर्मचाऱ्याच्या हाती होते. काम सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, आणि नवख्यांचे तर जवळजवळ एक तृतीयांशाने. ग्राहकांची बोलणी सौम्य झाली. नवे लोक नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण घटले. वाचून बरे वाटले. मात्र एक गोष्ट त्यात दडलेली आहे. ते यंत्र शिकले कुणाकडून? जुन्या, मुरलेल्या कर्मचाऱ्यांच्या हजारो संवादांतून. त्यांनी वर्षानुवर्षे कमावलेली बोलण्याची हातोटी यंत्रामार्फत नवख्यांच्या हाती गेली. ही एका अर्थाने सुंदर गोष्ट आहे, गुरूकडून शिष्याकडे विद्या गेल्यासारखी. पण त्या मुरलेल्यांना स्वतःला फारसा लाभ झाला नाही. ज्याच्या ज्ञानावर यंत्र उभे राहिले त्याचा वाटा कुठे आहे? द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक शेवटी आलेल्यालाही पूर्ण मजुरी देतो, पण पहाटे आलेल्याचे ठरलेले दिनार बुडवत नाही, हे लोक विसरतात.

त्या अभ्यासात यंत्र सुचवत होते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते गुण देते. एका घरी गेलो असताना तिथली मुलगी रात्रपाळी संपवून नुकतीच आली होती. विम्याच्या दाव्यांचे फोन ती घेते. म्हणाली, "फादर, एका म्हातारीचा फोन होता. नवरा वारला होता, कागदपत्रं कुठे ठेवलीत ते तिला ठाऊक नव्हतं. ती रडायला लागली. मी गप्प राहिले, तिला रडू दिलं. तीन-चार मिनिटं गेली असतील. यंत्राने माझे गुण कापले. मध्ये एवढी शांतता का, फोन एवढा लांबला का, म्हणून." मी विचारले, "मग तू वरिष्ठांना सांगितलंस?" ती म्हणाली, "कुणाला सांगू? आकडे आपोआप येतात. कारण लिहायला जागाच नाहीये."

कारण लिहायला जागा नाही. तिची आई म्हणत होती, जाऊ दे, एवढ्या तेवढ्याचे काय घेऊन बसलीस. मला मात्र चांगल्या शमरोन्याची आठवण झाली. त्याच्या आधी त्याच रस्त्याने याजक आणि लेवी गेले. ते दुष्ट होते असे येशूने कुठेच म्हटलेले नाही. कदाचित ते आपल्या कामाच्या वेळा पाळत असतील. त्यांच्या वेगाला, वेळेवर पोचण्याला आजच्या यंत्राने भरपूर गुण दिले असते. शमरोनी थांबला. वेळ गेला, पैसे गेले, प्रवास लांबला. ज्या यंत्राला फक्त वेळ मोजता येतो त्याच्या लेखी तो त्या दिवसाचा सर्वांत वाईट कर्मचारी ठरला असता. त्या मुलीने त्या रात्री केले ते तिच्या कामातले सर्वांत चांगले काम होते, आणि नेमके त्याचेच गुण कापले गेले. अशा कापलेल्या गुणांनी माणूस हळूहळू शिकतो. पुढच्या वेळी कुणी रडले तर ती गप्प राहील का? की ठरलेले वाक्य वाचून फोन ठेवील? यंत्र तिला नोकरीवरून काढत नाही. ते तिला बदलते आहे, आणि त्याचीच मला नोकरी जाण्याइतकी काळजी वाटते.

यंत्राला थकवा नसतो. म्हणून त्याच्या शेजारच्याला थकवा नसावा, असे ठरवणे सोपे जाते. निर्गम आणि अनुवाद ह्या दोन्ही पुस्तकांत शब्बाथाची आज्ञा आहे. विश्रांती मालकाला आहे, तशी दासदासींनाही आहे आणि गुराढोरांनाही आहे. इजिप्तमध्ये विटांचा आकडा पुरा करायला लागणाऱ्या लोकांना देवाने दिलेली ही आज्ञा आहे, हे विसरू नका. फारोच्या मुकादमांकडेही आकडेच होते. गवत देणे बंद केले तरी विटा तेवढ्याच हव्या होत्या.

आपल्यापैकी जे धंदा करतात, दवाखाना, पतपेढी, गोदाम, शाळा चालवतात, त्यांच्याकडे आज ना उद्या कुणीतरी टाय लावून असा कार्यक्रम विकायला येईल. घ्यायला हरकत नाही. मात्र घेण्याआधी, ज्यांनी तो वापरायचा आहे त्यांना खोलीत बोलवा आणि त्यांच्यासमोर विचारा, यंत्र चुकले तर ह्या माणसाने काय करायचे? कोणते बटण दाबायचे, किती वेळात, आणि दाबल्यावर त्याचे काय होईल? विकणारा म्हणेल, आमचे चुकत नाही. त्याला चहा द्या आणि निरोप द्या. जे कर्मचारी आहेत त्यांना मी एवढेच म्हणेन की यंत्र चुकलेले दिसले तर तारीख घालून वहीत लिहून ठेवा. एकट्याचे म्हणणे तक्रार वाटते, दहा जणांच्या वह्या एकत्र आल्या की पुरावा होतो. इंग्लंडमधले ते पोस्टमास्तर एकमेकांना भेटले तेव्हाच त्यांना कळले की आपण एकटे नव्हतो.

म्हणून १ मे रोजी सकाळच्या ७ च्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये तासभर बसण्याचे ठरवले आहे. मालक आणि नोकर दोघांनीही यावे. मी बोलणार नाही, ऐकणार आहे. आपापल्या कामाच्या जागी यंत्र कसे आले, त्याने काय सोपे केले, कुठे हात बांधले, हे सांगावे. ज्यांची रात्रपाळी असेल, किंवा सगळ्यांसमोर बोलणे अडचणीचे वाटत असेल, त्यांनी चिठ्ठी लिहून चर्चच्या दारातल्या पेटीत टाकावी. नाव लिहिण्याची गरज नाही.

आपला,
धर्मगुरू